चुन्यातलं ऊन

गडहिंग्लजच्या बसच्या रांगेत नंदिनीताईंच्या पुढं एक काकू आणि त्यांचा कॉलेजात संशोधन करणारा पुतण्या उभे होते. पुतण्यानं स्टीलचा डबा छातीशी धरलेला. फुकटचं ऐकायला मिळतंय म्हटल्यावर नंदिनीताई अर्धं पाऊल पुढं सरकल्या.

“वृषभ, डब्यात चुनाच हाय न्हवं?”

“व्हय काकू. आरशांनी ऊन एका जागी गोळा करून भाजलेला. त्यातलं पाणी उडालं, त्या जागी धग बसली.”

“मग ती बाहेर कशी काढायची?”

“पाणी घातलं की येती. तुमच्या स्वयंपाकघरात महिनाभर वापरून बघू द्या. घरात चालल्याशिवाय सर पुढं जाऊ देत न्हाईत.”

“किती टिकती?”

“ओल लागली न्हाय तर कैक महिने.”

“आणि शिजवायचं कधी?”

“रात्री. ऊन नसतं तेव्हाच तर उपयोग.”

“जैनाच्या घरात जन्मलास न्हवं? दिवस मावळल्यावर आपल्यात कोण शिजवतंय रं?”

“…आभाळातला दिवस मावळतो काकू. डब्यातला कुठं मावळलाय?”

“हे मुनी म्हाराजांना विचार. मी लांब उभी राहून ऐकती.”

“म्हणजे स्वयंपाकघर देत न्हाई म्हणा.”

“आषाढात आठ-आठ दिवस ऊन दिसत न्हाय. तवा भर दुपारी चालंल का हे?”

“चालंल की.”

“मग तसं सांग. रात्र कशाला मधी आणलीस?”

बस लागली. रांग हलली.

“आण तो डबा इकडं. पाण्याची बाटली तू धर, आणि माझ्यापासनं दोन बाकडी सोडून बस.”