गनिल्डाची गाय

सरदारांच्या गिरणीवर दळणाची रांग होती. माझ्यापुढे नुकतीच विधवा झालेली गनिल्डा, तिच्यापुढे तिची शेजारीण सेसिली. दोघी कुजबुजत होत्या, पण माझे कान तिखट.

"सेसिली, आज गाय न्यायला येते हं."

"कुठली गं गाय?"

"माझी! वायमंड शेवटच्या घटका मोजत होता, तेव्हा मागच्या दारानं तुझ्या गोठ्यात बांधली ती."

"आणि सरदारांचा कारभारी आल्यावर काय म्हणालीस? 'कूळ मेलं की गोठ्यातलं सगळ्यात चांगलं जनावर सरदारांचं, कबूल. पण माझ्याकडे ही लंगडी शेळीच आहे.' क्रुसावर हात ठेवून शपथ घेतलीस, साऱ्या गावादेखत."

"तुझ्याच सल्ल्यानं ना!"

"सल्ला माझा, शपथ तुझी. आता गाय तुझी म्हणालीस तर गायही जाईल आणि वर दंड बसेल. त्यापेक्षा माझी पोरं दूध पितात ते काय वाईट?"

"अगं, गळ्यात पडून रडलीस की माझ्या!"

"रडले ते वायमंडसाठी. गाईसाठी नाही."

"बरं बाई, ठेव. तुझ्या नवऱ्याचा खोकला कसा आहे?"

"वाढलाय. काल पाद्रीबाबा येऊन गेले. का गं?"

"काही नाही. तुझा तो तांबडा बैल तू कुणाच्या गोठ्यात बांधशील, याचा विचार करत होते."

रांग दोन पावलं सरकली. सेसिली जागची हलली नाही.

"दिवेलागणीला ये गाय न्यायला. आणि गनिल्डा, तुझा गोठा जरा झाडून ठेव."