होमाचं परमिट

अरे, ताईच्या लग्नाचं ऐकलंत का? लग्न भूमध्य समुद्रातल्या एका चिमुकल्या बेटावर, आणि प्लॅनिंग इकडे अमेरिकेत, चँडलर गावातल्या आमच्या किचनमधून! परवा तिथल्या प्लॅनर बाईंचा व्हिडिओ कॉल आला. त्या नाचायच्याच बाकी होत्या. "उन्हाळ्यात इथे उघड्यावर आग पेटवायला बंदी आहे, पण तीन आठवडे मागे लागून तुमच्या होमासाठी परमिट मिळवलं!"

मी आईकडे बघितलं, आईने माझ्याकडे. आम्ही बौद्ध. आमच्या लग्नात होमच नसतो. बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या, वंदना, हार, की लागलं लग्न! इंडियन वेडिंग म्हटल्यावर त्यांनी होम गृहीत धरला, आणि आम्हीही सांगितलं नव्हतं.

मी हळूच सांगितलं. चेहराच पडला यार त्यांचा. "म्हणजे परमिट कॅन्सल करू?"

आमची आई पक्की नागपूरची. मागून ओरडली, "बिलकुल नाही! तिला सांग, त्या आगीवर वांगी भाजू. सगळ्या वऱ्हाडाला भरीत!"

मी तसंच इंग्लिशमध्ये सांगितलं. बाईंनी लगेच वही उघडली आणि गंभीरपणे विचारलं, "वांगी नवरीने भाजायची, की नवऱ्याने?"