मोठा केला तरी दिसत नाई

मी सिहोऱ्याचाच. बापाची धानाची बांधी होती, पन माह्या हातात मामाचा जुना कॅमेरा आला, त्याच्यावरच शिकलो आन बाजाराजवळ स्टुडिओ टाकला. लग्न, बारसं, पासपोर्ट फोटो, आन कधी पोलिसाचा निरोप आला का पंचनाम्याचे फोटो. काय सांगू तुमाले, टीव्हीतला फोटोग्राफर येते, मुडद्याच्या तोंडापाशी वाकते, पाच-सहा फ्लॅश मारते आन चालला. आमचं तसं नसते. पयले दुरून काढा लागते, रस्ता, झाड, बाजूचं घर सारं आलं पायजे, मंग मधून, मंग जवळून, बाजूले मोजपट्टी ठेवून. आन कशालेच हात लावाचा नाई. जमादार ओरडतेच, सरक ना बे, पाय कुठं ठेवून राहिला.

पन लोकायले टीव्हीच खरा वाटते. माह्या शेजारच्या शांताबाईचा नवरा देवराव, वरातीतून घरी जाऊन राहिला होता, तं एका मोटारसायकलवाल्यानं उडवलं आन पळून गेला. जागीच गेला देवराव. गाडी लाल होती, येवढंच लोकायनं पायलं. त्या वरातीचे फोटो मीच काढले होते. एका फोटोत नवरदेवाच्या मागं, दूर, एक लाल गाडी उभी. शांताबाई सिरियल रोज पाहे. भाऊ, म्हने, तो नंबर मोठा करा ना, टीव्हीत बटन दाबते आन सारं साफ येते. मी मोठा केला. नंबराच्या जागी नुसते काळे-पांढरे चौकोन. जे कॅमेऱ्यानं पायलंच नाई, ते कुठून येईन?

तिचं तोंड पाहून माह्याच्यानं नाई म्हनवलं नाई. तेच चुकलं. मोबाईलमंधी फोटो साफ करनारं ॲप होतं, त्याच्यात टाकला, तं चकचकीत नंबर आला. तिनं कागदावर उतरवला, तिचा दीर काठी घेऊन त्या गाडीवाल्याले शोधाले निघाला. जमादाराले दाखवाले म्हनून मी फोटो अजून एकदा टाकला, तं शेवटचे दोन आकडे दुसरेच. तिसऱ्यांदा अजून तिसरे. तवा समजलं, ते ॲप आपल्या मनानंच लिहून राहिलं होतं. पळत गेलो, दिराले चौकातून वापस आनलं, कागद फाडला. शांताबाई म्हने, मंग टीव्हीत काहून दिसते? बाई, ते खोटं असते, मी म्हनलं. ती म्हने, तुमीच खोटे. चार महिने बोलली नाई.

मंग एक दिवस तोच फोटो घेऊन आली. त्याच्यात डाव्या बाजूले देवराव होता, फेटा सावरत, कॅमेऱ्याच्या जवळच. याले तरी मोठा कराल का, म्हने. केला. मिशीचा एकएक केस साफ आला. ती पाहातच राहिली, मले लय वाईट वाटलं.

आता तो फोटो तिच्या टीव्हीच्या वर लावून हाय. गाडीवाला काई सापडला नाई. मी गेलो का चहा ठेवते आन दरवेळेस विचारते, भाऊ, आता तं नवीन मशीन आली असन ना? मी म्हनतो, नाई आली बाई. बरं, म्हनते, आली का सांगजा.