बेदाण्याची राखण

तासगाव स्टँडवर साताऱ्याच्या गाडीची वाट बघत बसलेल्या शरयूताईंच्या कानावर शेजारच्या बाकावरचं बोलणं पडत होतं.

“मालक, ब्याण्णवच्या दिवाळीपास्नं शोधतोय आमी भावाला. जित्ता हाय म्हणून कुणी मानत न्हवतं.”

“आवं बनुबाई, नाव-गाव काईच सांगंना. पण फौजेतला नंबर रोज घडाघडा म्हणायचा. त्योच लिहून पलटणीला धाडला, तवा तुमचा पत्ता आला.”

“डोक्याचा आजार उसळला की घरनं पळायचा. तुमच्यात कसा ऱ्हायला?”

“शेडवर बेदाण्याची राखण दिली. ड्युटी म्हटलं की जागचा हलत न्हाई गडी.”

“लय उपकार झालं, मालक. पाया पडते.”

“उपकार कसलं? एक दाणा गेला न्हाई माझा. गाडी लागली बगा.”

“गुंडा, चल रं बाबा, घरी.”

मालकांच्या बेदाण्याच्या पोत्यापाशी ताठ उभा असलेला गुंडा हलेना.

“ड्युटी हाय, अक्का. माज्या जागी कोण?”

मालकांनी टोपी नीट केली आणि पोत्यापाशी जाऊन उभे राहिले.

“मी हाय. तू जा.”

गुंडानं खाडकन सॅल्यूट ठोकला आणि बहिणीमागं गाडीत चढला.

गाडी वळली तेव्हा त्याच गाडीत बसलेल्या शरयूताईंनी खिडकीतून मागं पाहिलं. मालक अजून तसेच ताठ उभे होते.