रुखवतातली आगबोट

अठरा मे एकोणीसशे एकोणसाठ, सोमवार. सकाळपासून ढगाळ, वारा पडलेला, नारळाची झावळी हलत नाही — एवढं वहीत लिहून मी किहीमहून इकडं चौलला निघालो, व्याहीबुवा, आणि पुढं काय लिहायचं ते आता तुमच्या ओटीवर ठरायचं आहे. नको, सरबत नको. मुलीच्या घरचं पाणी नातवंड होईपर्यंत घ्यायचं नाही, हे काय मी तुम्हाला सांगायचं? बसतो. बसलोच आहे. राहीला हाक मारू नका. लग्नाला आठवडा नाही झाला आणि बाप दारात, लोक काय म्हणतील — म्हणू देत. तिच्याशी माझं काम नाही. तुमच्याशीही नाही खरं तर. त्या आगबोटीशी आहे.

कुठली काय विचारता, रुखवतातली. मांडवात सगळ्यात पुढं मांडली होती ना, पुठ्ठ्याची, दोन हात लांब, वर काळा भोंगा आणि भोंग्यातून कापसाचा धूर — तुमच्या हिरामणचे दोस्त तिच्यापुढं उभे राहून खिदळत होते. ती. आमच्या नीराबाईचं काम. नीराबाई म्हणजे माझी थोरली बहीण, राहीची आई गेल्यापासून घर तिच्याच हातात. शिंपल्यांचं तुळशीवृंदावन तिनं केलं, करवंट्यांचा हत्ती केला, मी म्हटलं वा, वा. आगबोट मात्र मला दाखवली नाही. चादरीखाली झाकून ठेवलेली. मी पाहिली ती थेट मांडवात, हातात अक्षता घेऊन उभा असताना. बोटीला सोनेरी कागदाच्या खिडक्या, आणि खिडक्याखिडक्यांतून उतारू म्हणून कोण बघतंय — तर माझे क्रिकेटवाले. माझी कार्डं. पन्नासच्या पन्नास. भटजी 'सावधान' म्हणतात, तेव्हा बापानं मुलीकडं बघायचं असतं, मी विकेटकीपरकडं बघत होतो. लोकांना वाटलं डोळे भरून आले. डोळे भरून नव्हते आले, डोक्यात तिडीक गेली होती.

हसू नका. हसताय तुम्ही, मिशीत का होईना. सगळेच हसतात. गावात मला काय म्हणतात ठाऊक आहे? 'चित्रवाले.' पोरगी लग्नाची झाली आणि हा पोरांसारखी सिगारेटच्या पाकिटातली चित्रं जमवतो. पण पोर होतो तेव्हा जमवलीच होती मी, काय चूक होती? माझा बाप किहीमला मुंबईच्या एका शेठच्या बंगल्याची वाडी राखायचा. उन्हाळ्यात शेठचे पाहुणे यायचे, पायरीवर बसून सिगारेटी ओढायचे आणि रिकामी पाकिटं माडाच्या आळ्यात टाकायचे. प्रत्येक पाकिटात एक कार्ड — पुढं खेळाडूचं रंगीत चित्र, मागं त्याची इंग्रजीत माहिती, कोपऱ्यात नंबर. मी आळ्यातला चिखल पुसून ती कार्डं गोळा केली, व्याहीबुवा. क्रिकेट कधी पाहिलं नव्हतं. अजून नाही पाहिलं. आणि एके दिवशी बापानं सगळी उचलली आणि बंबात घातली, अंघोळीचं पाणी तापवायला. 'वाडीत काम कर,' म्हणाला. केलं. वीस वर्षं केलं.

मग मुंबईला काथ्या विकायला गेलो होतो, पाच वर्षं झाली, चोरबाजारात एका रद्दीवाल्याच्या डब्यात तोच — बंबात गेलेला तोच डावरा गोलंदाज, बाहेर आलेले कान, गळ्यात मफलर. मी दुकानात उभ्या उभ्या घामाघूम झालो. घेतलं. त्यानंतर गिरगाव, माझगाव, रद्दीवाले, भंगारवाले, एक म्हातारे पारशी गृहस्थ होते त्यांच्याशी अदलाबदल — पाच वर्षं लागली पन्नास पुरी व्हायला. गेल्या शिमग्याला पुरी झाली, डबीत नीट लावून ठेवली. शिमग्याला, आणि वैशाखात ती आगबोटीत बसली.

नीराबाईला मी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी फैलावर घेतलं. तर म्हणते काय — 'अरे, चित्रं दिसतात न? डबीत कोण बघत व्हता? आता अख्खा चौल बघंल. कावतोस कशाला?' कावतो कशाला. अहो, चित्र हे अर्धं कार्ड. मागची बाजू, ती खरी. ती मी डिक्शनरी मांडीवर घेऊन शब्द शब्द लावून वाचलेली आहे. चौथी शिकलेला माणूस मी, मला जे काही इंग्रजी येतं ते या पन्नास माणसांच्या पाठीवरून आलेलं आहे. आणि ती पाठ हिनं भाताच्या पेजेची खळ करून पुठ्ठ्याला थापली. आता मृग लागेल. खळ ओली होते, वास सुटतो, कसर येते. कसर तुम्हाला माहीत आहे, कपड्यांना लागते ती, चंदेरी — तिला खळ म्हणजे पुरणपोळी. श्रावणापर्यंत त्या बोटीत एक उतारू शिल्लक राहायचा नाही. त्याच्या आत कोमट पाण्यात घातली, हळूच सोडवली, सावलीत वाळवली, तर वाचतील. मला येतं ते. पण त्याला बोट माझ्या हातात पाहिजे, आणि बोट तुमच्या घरात आहे.

नाही, मागत नाही. मी कुठं मागितली? रुखवत परत मागायचं नसतं, एवढी अक्कल आहे मला. नीराबाईनं उंबऱ्यात आडवं होऊन सांगितलं — 'रुखवत परत आणलास त मागनं पोरगी परत येतं. माज्या जिवाची शपथ हाय.' मी म्हटलं, मी फक्त बघायला जातो, भिंतीला लावू नका, दमट असते, एवढं सांगायला जातो. तिला खरं नाही वाटलं. तुम्हालाही वाटत नाही, दिसतंय मला.

काय म्हणालात? घेऊन जा? कोण घेऊन जा? असं सहज म्हणता तुम्ही, घेऊन जा, आमचं काही म्हणणं नाही? तुमच्या घरी सून आली चार दिवसांची, तिच्या रुखवतातली वस्तू बाप एसटीत घालून परत नेतोय, आणि तुमचं काही म्हणणं नाही. मग उद्या आणखी काय घेऊन जा म्हणाल? चांगलं आहे. अठरा वर्षं सांभाळली मी, आई गेल्यावर नऊ वर्षं मी एकट्यानं — बरं, नीराबाई होती, नीराबाई स्वयंपाकाला होती. संध्याकाळी कंदिलाशी कोण बसायचं माझ्याजवळ? गाव हसत होतं तेव्हा घरात हसलं नाही असं एकच माणूस होतं. डिक्शनरी तिच्या मांडीवर, कार्ड माझ्या हातात. 'बाबा, स्टबर्न म्हणजे हट्टी. पान सापडलं.' हट्टी. मला म्हणायची, हा तुमच्यासारखाच आहे. आणि आता कंदिलाशी बसायचं कुणाजवळ — जाऊ दे. बोटीबद्दल बोलतोय मी.

आणलीत? कशाला आणलीत? ठेवा, ठेवा खाली, तिथं नको, इकडं उजेडात. भोंगा वाकलाय. पोरांनी हात लावला असणार. हं. हा बघा, हाच तो, मफलरवाला, भोंग्याखाली बसवलाय, कॅप्टन केलाय त्याला. ही खिडकी जरा — थांबा, हात नका लावू, नखानं उचलतात. बघू खळ किती आत गेली आहे ते.

हे काय?

नाही, काही नाही. खळ नाहीये. म्हणजे आहे, पण कोपऱ्याला आहे, मुगाच्या दाण्याएवढी. एकाच कोपऱ्याला. बाकी पाठ कोरी — कोरी म्हणजे अक्षरं सगळी शाबूत. पुढचं बघू. हेही तसंच. आणि पुठ्ठा आणि कार्ड यांच्यामध्ये कडुनिंबाचा पाला घातलाय, वाळवून. बघा, वास घ्या. हे नीराबाईचं काम नाही. नीराबाई खळ थापते, गोवऱ्या थापाव्यात तशी. तिला कडुनिंब सुचणार नाही. हे असं फक्त —

डबी? उघडी कशी असेल डबी. कुलूप असतं. पितळी, लहान. चाव्या दोन. एक माझ्या करगोट्याला, ही बघा, आत्ता पण आहे. आणि दुसरी —

नीराबाई बोलली नाही मला. एवढा ओरडलो मी तिच्यावर, अख्खी आळी गोळा झाली, ऊर बडवायचं तेवढं बाकी ठेवलं मी, आणि बाई गप्प बसली. 'चित्रं दिसतात न' एवढंच. पोरीवर येऊ दिलं नाही तिनं.

म्हणजे चोरी केली. स्पष्ट बोलू या, चोरीच आहे ही. बापाच्या डबीतून, बापाला न विचारता, लग्नाच्या आदल्या आठवड्यात, आणि वर रुखवतात मांडून, की बापाला चार माणसांत तोंड उघडता येऊ नये आणि नंतर परतही मागता येऊ नये. अक्कल बघा. कुठून आली ही अक्कल. तोंडानं मागितली असती तर — विचारायचं होतं, बाबा, मला द्या. एवढं विचारायला काय झालं होतं? साडी विचारून घेतली, पाटल्या विचारून घेतल्या.

मी दिली नसती.

गप्प बसा तुम्ही. मला माहीत आहे मी काय बोललो ते. तुमच्या हिरामणला पोरगी दिली, हुंडा दिला, भांडी दिली, आणि पन्नास कागद दिले नसते मी. पाच कारणं सांगितली असती. तिकडं दमट आहे, तिकडं उंदीर आहेत, तिकडं पोरं आहेत. तिला पाचही आधीच ठाऊक असणार, म्हणून कडुनिंब.

हाक मारू नका म्हटलं ना. ती आत दाराशीच उभी आहे, बांगड्या मघापासून वाजतायत, मी काय बहिरा आहे? राहू दे तिथंच. ऐकलं तेवढं पुष्कळ झालं तिला.

ही खिडकी परत चिकटवतो. थुंकी लावून बसेल. बसली. आता नीट ऐका. ओटीवर ठेवायची नाही, आतल्या फडताळात, वरच्या कप्प्यात. पाला दर महिन्याला बदलायचा. भोंगा हिरामणला सांगा सरळ करायला, हातानं नाही, आतून काडी घालून. आणि कुणी हसलं बोटीला, तुमच्या घरातलं कुणी, तर — नाही, हसा. तुम्हाला हसायचं तर हसा.

उठतो. हात सोडा, व्याहीबुवा, गाडी नाक्यावर आली, हॉर्न वाजतोय. पन्नास आहेत, मोजून घ्या. मी एकही नेलेलं नाही.