थांबेल ते बाटलीतलं

साहेब : दार लावून घ्या मावशी. बसा. इंजेक्शनच्या या दोन बाटल्या आज सकाळी तुम्हीच बाद केल्यात ना?

मावशी : माझ्या टेबलावरच्या लाल ट्रेमध्ये होत्या, म्हणजे मीच केल्या असणार. एवढ्यासाठी काम सोडून बोलावलंत?

साहेब : काय दिसलं यांच्यात?

मावशी : काच. बाटलीच्या आतून सुटलेला पापुद्रा. कांद्याच्या सालीहून पातळ.

साहेब : दोन्हींत?

मावशी : दोन्हींत. एकीत मोठा, एकीत बारीक.

साहेब : या बाटल्या तिघांनी स्वच्छ म्हणून पास केल्या होत्या. त्या तिघांतला एक मी. त्यानंतर मी त्या मुद्दाम तुमच्या तपासायच्या ट्रेमध्ये ठेवल्या.

मावशी : दोन नाही, दहा ठेवल्या होत्यात.

साहेब : हे कुणी सांगितलं तुम्हाला?

मावशी : बुडाला शाईचा निळा ठिपका कुणी दिला मग? बाटली हातात आली की आधी बूड बघायचं, हे तुम्हाला पहिल्या दिवशी मीच शिकवलं होतं. तेव्हा तुम्ही साहेब नव्हतात, माझ्या शेजारच्या स्टुलावर बसून डोळे चोळत होतात.

साहेब : विसरलो नाही मी. म्हणून तर हे करताना वाईट वाटत होतं.

मावशी : वाईट वाटणारा माणूस सापळा लावायच्या आधी विचारतो.

साहेब : विचारलं असतं तर खरं सांगितलं असतंत?

मावशी : कसलं खरं? अच्छा. म्हणजे तिने तोंड उघडलं तर. माझ्या जावेने. शेजारच्या टेबलावर बसते, पण कान सगळे माझ्याकडे. डॉक्टरचं पाकीट पिशवीत उलटं कसं झालं, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती.

साहेब : कसलं पाकीट?

मावशी : तुम्हाला माहीत आहे कसलं ते.

साहेब : नाही मावशी. मला कुणी काही सांगितलेलं नाही. पाकिटाचं मी आत्ता तुमच्याच तोंडून ऐकतोय.

मावशी : मग सापळा कशाला?

साहेब : एरवी तुमच्या टेबलावर दिवसाला दोन-तीन बाटल्या बाद होतात. या लॉटमध्ये एकवीस झाल्या. बाकी चौघींच्या मिळून पाच. आता साडेतीन वाजलेत. पाच वाजता माल न्यायला गाडी येणार आणि सही माझी लागणार. एक तर लॉट खराब आहे, नाहीतर तुमचे डोळे. तिसरं काही मला सुचत नाही.

मावशी : आणि डोळे खराब निघालेले तुम्हाला सोयीचे.

साहेब : मला काहीच सोयीचं नाही. आठवडाभर मी तुमच्यावर नजर ठेवून आहे.

मावशी : हेही केलंत?

साहेब : केलं. चहाला तुम्ही कॉम्प्रेसरशेजारी बसता. त्या आवाजात कुणी दोन मिनिटं टिकत नाही, तुम्ही निवांत बिस्किट बुडवून खाता. उजेडातून जिन्यात आलात की भिंतीला हात लावून उतरता. फाटकाबाहेर पाऊल पडलं की काळा चष्मा, आभाळ भरलेलं असलं तरी. आणि नियम दहा सेकंदांचा आहे, काळ्या बोर्डासमोर पाच, पांढऱ्यासमोर पाच. तुम्ही एकेका बाटलीला वीस लावता.

मावशी : एवढं बारकाईने बाटल्यांकडे बघितलं असतंत तर काच तुम्हालाच दिसली असती.

साहेब : पाकिटात काय आहे मावशी?

मावशी : माझ्या डोळ्यांचे कागद तुमच्याकडे आहेत. दर वर्षी तपासतात. लांबचं उत्तम, जवळचं उत्तम, रंग सगळे ओळखते. बाहेर मला गरूड म्हणतात, ठाऊक असेल.

साहेब : कागद मी बघितलेत. मी पाकिटाचं विचारतोय.

मावशी : मेंदूच्या डॉक्टरचं आहे. झालं समाधान?

साहेब : मेंदूच्या?

मावशी : डोळ्यांच्या तिघांनी हात टेकले. पडदा छान, नस छान. एकाने नवऱ्याला बाजूला घेऊन विचारलं, बाई घरी फार विचार करतात का हो. नवरा म्हणाला, आमच्याकडे त्या एकट्याच करतात. मग चौथ्याने मेंदूवाल्याकडे धाडलं. तो म्हणाला, डोळे ठणठणीत आहेत, डोळ्यांनी पाठवलेलं मेंदू वाचतो तिथे गडबड आहे. व्हिज्युअल स्नो म्हणतात. यावर हमखास असं औषध नाही म्हणाला.

साहेब : म्हणजे नेमकं काय होतं?

मावशी : जुन्या टीव्हीवर चॅनेल गेलं की मुंग्या यायच्या, आठवतात? तशा. सगळीकडे, सारख्या. तुमच्या शर्टावर, या भिंतीवर, डोळे मिटले तरी मिटलेल्या डोळ्यांत. लख्ख दिव्याकडे पाहिलं तर तो दिवा पुढे बराच वेळ माझ्याबरोबर चालतो. कुणी हात हलवला की मागे अजून दोन-तीन हात येतात. शांत बसलं की कान वाजतात, म्हणून तो कॉम्प्रेसर. तेवढ्या वेळात त्याचा आवाज असतो, माझा नसतो.

साहेब : कधीपासून?

मावशी : आठवतंय तेव्हापासून. मला वाटायचं, हवा सगळ्यांनाच अशी दिसते. एकदा सहज लेकीला विचारलं, तुझे ठिपके कोणत्या रंगाचे गं? ती म्हणाली, कसले ठिपके? तेव्हा कळलं. चाळिशीला टेकले होते मी. त्या रात्री खूप रडले, काही हरवल्यासारखं.

साहेब : आणि तेव्हा तुम्ही इथे नोकरीला होतात?

मावशी : नुकतीच लागले होते.

साहेब : नऊ वर्षं. मावशी, जिला सगळीकडे ठिपके दिसतात तिला आम्ही नऊ वर्षं ठिपके शोधायला बसवलंय?

मावशी : हेच वाक्य ऐकावं लागू नये म्हणून गप्प राहिले.

साहेब : हे औषध शिरेत टोचतात.

मावशी : ते मला सांगू नका. माझे सासरे गेले तेव्हा त्यांच्या हातात सुई होती. मी बाटली हातात घेते तेव्हा तो हात माझ्यासमोर असतो.

साहेब : मग तुम्हाला दिसलेली काच, काच कशावरून?

मावशी : कारण मी दहा सेकंद बघत नाही. तुम्ही सगळे बाटली फिरवता आणि हलतं काय ते बघता. मला सगळंच हलताना दिसतं, मला त्याचा काय उपयोग? मी बाटली फिरवते, खाली ठेवते, हात काढून घेते आणि वाट बघते. औषध स्थिर होतं, त्याबरोबर आतलं काही असेल तर तेही बसतं. माझ्या मुंग्या जन्मात बसल्या नाहीत. थांबेल ते बाटलीतलं, न थांबेल ते माझं.

साहेब : हे तुम्ही म्हणता.

मावशी : बरं, मी म्हणते. मग हे सांगा, निळा ठिपका दिसल्याबरोबर मला कळलं की या दहा तुम्ही स्वच्छ म्हणून ठेवल्यात. दहाच्या दहा पास केल्या असत्या तर आज तुम्ही मला चहा पाजला असता. तरी मी दोन काढल्या. का काढल्या असतील?

साहेब : ठिपका नंतर दिसला असेल. बाद करून झाल्यावर.

मावशी : शाब्बास. संशय घ्यायलाही मीच शिकवलं होतं, चांगलं घोटून घेतलंत.

साहेब : चिडू नका. एकवीस बाटल्यांचं सोडा. नऊ वर्षांत तुम्ही जे पास केलंत, ते कुणाच्या भरवशावर गेलं? मला वर हे विचारतील आणि माझ्याकडे उत्तर नाही.

जाऊबाई : माझ्याकडे आहे.

मावशी : तू आत कशी आलीस?

जाऊबाई : दार लावलंत, पण दाराला काच आहे ताई. तुमचं तोंड दिसत होतं. आणि आवाज तर पॅकिंगपर्यंत जातोय.

मावशी : आली बघा. पिशवी उचकून पोट भरलं नाही वाटतं.

जाऊबाई : तुमच्या पिशवीला मी हात लावलेला नाही. लावणार कशी, रोज तिला तीन गाठी मारून जाता. पाकीट तुम्हीच परवा नळाची पावती शोधताना उलटं घातलंत.

साहेब : तुमच्याकडे काय उत्तर आहे?

जाऊबाई : लेकीला ठिपक्यांचा रंग विचारला तेव्हा मी तिथेच भाजी निवडत होते. यांना वाटलं माझं लक्ष नाही. सांगावं तर घरात माझं तोंड कुणी पाहिलं नसतं. न सांगावं तर उद्या कुणाचं काय होईल. मग मी माझ्यापुरतं ठरवलं. रोज यांच्या पास झालेल्या ट्रेमधल्या दहा बाटल्या गुपचूप माझ्या टेबलावर घेते, परत तपासते आणि जागेवर ठेवते.

साहेब : रोज? हे नियमात बसत नाही.

जाऊबाई : नाहीच बसत. लिहा माझं नाव.

साहेब : किती सापडल्या?

जाऊबाई : एकही नाही.

साहेब : नऊ वर्षांत?

जाऊबाई : नऊ वर्षांत. खरं सांगू? कधी कधी वाटायचं, सापडावी एखादी. म्हणजे सांगून एकदाची मोकळी झाले असते. दहा बाटल्यांपायी माझा चहा रोज गार होतो.

मावशी : एका चुलीवर जेवतो आपण. माझ्या आजारपणात माझं सगळं तू केलंस. आणि त्याच हाताने माझ्यावर पाळत?

जाऊबाई : हो, पाळत. तुमच्यावर माझा जीव आहे ताई, पण टोचून घेणाऱ्याला त्याचं काय?

साहेब : थांबा जरा. या दोन बाटल्या ज्या तिघांनी पास केल्या, त्यांत तुम्हीही आहात.

जाऊबाई : आहे. या स्वच्छ आहेत. मी बघितल्यात.

साहेब : मग अडचण तिथेच आहे. यांत काच असेल आणि ती तुम्हाला दिसली नसेल, तर नऊ वर्षं काही सापडलं नाही याला अर्थ काय उरतो? आणि काच नसेल, तर मावशींना नसलेलं दिसतंय. दोघींपैकी एक चुकतेय.

मावशी : तिघांपैकी म्हणा. तुम्हीही बघितल्यात.

साहेब : हो. तिघांपैकी.

मावशी : मग बसा स्टुलावर. फिरवा बाटली. जोरात नको, बुडबुडे येतील. आता तुमच्या इथल्या काळ्या बोर्डासमोर ठेवा आणि हात काढा. बाटलीला अजिबात हात लावायचा नाही. मनात वीस मोजा.

(साहेब बाटली ठेवून वाकून बघत राहतात. दोघी त्यांच्या मागे उभ्या.)

साहेब : काही नाही.

मावशी : कितीपर्यंत मोजलंत?

साहेब : अकरा.

मावशी : मोजत राहा.

साहेब : चौदा. पंधरा. काहीतरी चमकलं. गेलं. नाही, आहे. आडवं होत होत खाली येतंय. मावशी, हे तळाला बसलं.

मावशी : थांबलं?

साहेब : थांबलं.

जाऊबाई : सरका, मला बघू द्या. मी पहिल्यापासून मोजते. अगं बाई. हे माझ्या हातून गेलं होतं?

मावशी : दहा सेकंदांत ते कुणालाच दिसत नाही. उभं असतं तोवर पाण्यासारखं असतं, आडवं पडताना एकदाच चमकतं. रडू नकोस. हे जुन्या बाटल्यांत नव्हतं. या लॉटला बाटल्या नव्या कारखान्याच्या आल्यात, खोक्यावरचं नाव वेगळं आहे. जुन्यांत तू काही सोडलं नसशील.

जाऊबाई : कशावरून?

मावशी : तुला सवयच लागली आहे शंका घ्यायची. त्यावरून.

साहेब : लॉट थांबवतो. हा बघा, अडवून ठेवायचा कागद. सही केली. गाडीवाल्याला मी सांगतो. आणि मावशी, पाकिटाचं मी काही ऐकलं नाही असं धरतो.

मावशी : का?

साहेब : का म्हणजे? वर कळलं तर तुम्हाला उद्या टेबलावर बसू देणार नाहीत. तुमचे वीस सेकंद कुणी विचारात घेणार नाही, पाकीट तेवढं बघतील.

मावशी : आणि उद्या तुम्हाला पुन्हा शंका आली की पुन्हा दहा बाटल्या, पुन्हा निळा ठिपका. माझ्याही मनात रोज तेच, यांनी कुणाला सांगितलं असेल का. नऊ वर्षं मी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून घालवलीत साहेब. थकले मी. शंका आली की काय करायचं, पहिल्या दिवशी काय शिकवलं होतं?

साहेब : शंका आली की लाल ट्रे.

मावशी : मग मला ठेव लाल ट्रेमध्ये. आण तो डोळे तपासणीचा फॉर्म. दृष्टीबद्दल काही सांगायचंय का, असा एक रकाना असतो खाली. दर वर्षी तिथे रेघ मारत आले. आज लिहिते.

साहेब : लिहा. मी खाली वीस सेकंदांचं लिहितो, आणि ही बाटली जोडतो सोबत. काय ठरवतील ते मात्र माझ्या हातात नाही.

मावशी : माहीत आहे. पेन दे.

जाऊबाई : ताई, मी लिहू का?

मावशी : नको. माझं मी लिहिते. आणि ऐक, मला परत बसू दिलंच त्या टेबलावर, तर दहा नकोत. वीस उचलत जा.