लढाईचा बोकड

हसू नका लेकहो, त्या सालचा बोकड मले अजून दिसते. सात समुद्रापार अमरिकेत गोरे आपसात लढून राहिले होते, म्हून आपल्या कापसाले सोन्याचा भाव होता. माह्या साळ्यानं, सखारामनं, भाव अजून चढन म्हून कापूस घरीच ठेवला आन् देवीले नवस बोलला, "माहा कापूस इकेपर्यंत लढाई थांबू देऊ नोको, तुले बोकड कापतो."

देवी इसरू नये म्हून बोकड आधीच द्याचं ठरलं. आमी दोघं परतवाड्याच्या बाजारात गेलो.

बोकडवाल्या म्हाताऱ्यानं इचारलं, "नवस कायचा?"

सखारामनं सांगितलं. म्हातारा म्हने, "मानसं मरून राहिली, आन् थे चालू राहावं म्हून नवस?"

सखाराम म्हने, "आमी कुठी मारून राहिलो? आमी निस्ता कापूस इकतो."

सखारामनं एका बोकडाचं दावं हातात घेतलं, तेवढ्यात एक दलाल बोंबलत आला, "उमरावतीले तार आली! लढाई मिटली! भाव पडला!"



म्हातारा म्हने, "चांगलं झालं, भाऊ. मानसं मराची थांबली."

सखारामनं दावं त्याच्या हाती देल्लं. "तिकडं कोनी मरून नाही राहिलं, मंग यानंच कायले मरावं? घे वापस!"